हवेचा आकडा, घामाचं गणित : वाचकांचे प्रश्न

हवा, उष्मा आणि पाणी या तिन्ही विषयांवरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकातच जोडले आहेत. औषधांचे डोस विचारणाऱ्या पत्रांना इथून उत्तर देता येत नाही, त्यासाठी आपल्या डॉक्टरांकडेच जावं.

फोनमध्ये हवेची दोन ॲप आहेत. एकाच सकाळी, एकाच भागासाठी एक म्हणतं ‘९८, समाधानकारक’ आणि दुसरं म्हणतं ‘१५३, अपायकारक’. खोटं कोण बोलतंय? (कोथरूड, पुणे)

कुणीच नाही. दोघांनीही एका घनमीटर हवेत साधारण ५९ मायक्रोग्रॅम पीएम २.५ मोजलं आहे, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. फरक मोजमापात नाही, पट्टीत आहे. भारतीय एक्यूआयमध्ये, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात, पीएम २.५ हे ३० पर्यंत ‘चांगली’, ६० पर्यंत ‘समाधानकारक’, ९० पर्यंत ‘मध्यम’, १२० पर्यंत ‘वाईट’, २५० पर्यंत ‘अतिशय वाईट’ आणि त्यापुढे ‘गंभीर’. अमेरिकी पट्टी २०२४ मध्ये आणखी कडक झाली. तिथे ‘चांगली’ हवा ९ मायक्रोग्रॅमलाच संपते आणि ५५ ओलांडलं की लाल रंग, म्हणजे ‘अपायकारक’, लागतो. तुमचं दुसरं ॲप ती पट्टी वापरतंय.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक्यूआय ही सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसते. प्रत्येकाचा वेगळा निर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट तेवढा जाहीर करतात. म्हणून आकड्याशेजारी ‘प्रमुख प्रदूषक’ कोणता लिहिलाय ते बघा. पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, असेल तर बहुधा रस्त्याची आणि बांधकामाची धूळ, पीएम २.५ असेल तर धूर, आणि ओझोन असेल तर उन्हाची करामत. दुसरं म्हणजे, भारतीय आकडा मागच्या २४ तासांच्या सरासरीवर उभा असतो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर आत्ता कचरा पेटवला, तर तो आकडा लगेच हलत नाही. तुमचं नाक त्याच्या आधी सांगतं, आणि अशा वेळी नाकावर विश्वास ठेवावा.

जमल्यास निर्देशांक बाजूला ठेवून थेट मायक्रोग्रॅम बघण्याची सवय लावा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस पीएम २.५ साठी दिवसाला १५ आणि वार्षिक सरासरी ५ अशी आहे. आपलं राष्ट्रीय मानक २००९ चं आहे, दिवसाला ६० आणि वर्षाला ४०. ‘समाधानकारक’ हा शब्द या मानकाच्या हिशेबाने आलेला आहे, फुप्फुसांना कुणी विचारलेलं नाही.

‘प्रदूषणाने इतके लाख लोक मेले’ असं छापून येतं. पण मृत्यूच्या दाखल्यावर तर हृदयविकार, न्यूमोनिया असंच असतं. मग हे मोजलं कुणी? (निवृत्त शिक्षक, सातारा)

शंका रास्त आहे. दाखल्यावर प्रदूषण लिहिलं जाण्याची घटना इतकी विरळ, की लंडनमधल्या एला अडू-किसी-डेब्रा या नऊ वर्षांच्या मुलीचं नाव जगभर झालं. ती २०१३ मध्ये दम्याने गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्यूचौकशीत हवेचं प्रदूषण हेही कारण म्हणून नोंदवलं गेलं. बाकी सगळे आकडे तुलनेतून येतात.

एक पद्धत दिवसांची तुलना करते. शहर तेच, माणसं तीच. ज्या दिवशी कण वाढले त्या आणि दुसऱ्या दिवशी मृत्यू किती वाढले, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून काढतात. या पद्धतीची खुबी अशी, की ‘ते लोक विड्या ओढत असतील’ हा आक्षेप इथे टिकत नाही. शहरातले विडी ओढणारे सोमवारी जास्त आणि मंगळवारी कमी होत नाहीत. तापमान आणि ऋतू मात्र वेगळे काढावे लागतात. मुंबई आणि पुण्यासह भारतातल्या दहा शहरांचा असा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २००८ ते २०१९ मधले सुमारे ३६ लाख मृत्यू तपासले होते. पीएम २.५ मध्ये १० मायक्रोग्रॅमची वाढ झाली की रोजचे मृत्यू १.४२ टक्के वाढतात, असं दिसलं. आकडा किरकोळ वाटतो. पण समजा एखाद्या शहरात रोज २०० मृत्यू होतात आणि थंडीत कण ५० मायक्रोग्रॅमने चढतात. मग ते दिवसाला १४ जादा मृत्यू झाले. कोणते १४, हे कुणालाच सांगता येत नाही. दाखल्यावर काही न दिसण्याचं कारण हेच.

दुसरी पद्धत माणसांच्या मागे वर्षानुवर्षं राहते. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतली ८,१११ प्रौढ माणसं १४ ते १६ वर्षं नोंदीत ठेवली. प्रत्येकाचं धूम्रपान, वजन, शिक्षण लिहून घेतलं. १९९३ मध्ये निष्कर्ष आला : सर्वांत मळक्या स्ट्यूबेनव्हिलमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्के जास्त, आणि हे धूम्रपान वजा करून. रोजच्या तुलनेतला परिणाम लहान दिसतो आणि वर्षांच्या तुलनेतला मोठा, कारण पहिल्यात एका दिवसाचा मार मोजला जातो आणि दुसऱ्यात साठत गेलेला.

उष्म्याचे बळीही असेच मोजतात. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यातले मृत्यू आजूबाजूच्या वर्षांतल्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ जादा निघाले. त्यातल्या फारच थोड्यांच्या नोंदीत ‘उष्माघात’ होता. त्या हिशेबातूनच २०१३ चा अहमदाबादचा उष्मा कृती आराखडा उभा राहिला.

मी आशा कार्यकर्ती आहे. गॅसवर स्वयंपाक केला तरी बाळाचं वजन वाढत नाही, असं संशोधन निघाल्याचं एका प्रशिक्षणात ऐकलं. मग बायकांना चूल सोडा म्हणून का सांगायचं? (नंदुरबार जिल्हा)

तो प्रयोग खरा आहे आणि चांगला केलेला आहे. भारत (तमिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना गॅस आणि शेगडी फुकट दिली. त्यांच्या श्वासातलं पीएम २.५ साधारण ७० वरून २४ वर आलं. तरी बाळांच्या जन्मवजनात फक्त २० ग्रॅमच्या आसपास फरक पडला, म्हणजे नसल्यातच जमा.

पण यातून ‘चूल निरुपद्रवी’ असं निघत नाही. गॅस मिळेपर्यंत बहुतेकींना तिसरा ते पाचवा महिना लागला होता, सुरुवातीचे महिने धुरातच गेले. शिवाय २४ हा आकडासुद्धा वर्षाला ५ या शिफारशीच्या जवळपास पाचपट आहे. आणि जन्मवजनावर आईचा आहार, रक्तक्षय, वय या गोष्टी जास्त वजन टाकतात. तेव्हा ‘गॅस घे, बाळ गुटगुटीत होईल’ असं आश्वासन देऊ नका, ते खोटं ठरेल. ‘डोळ्यांची आग आणि धुराचा खोकला कमी होईल, म्हातारपणी दम लागण्याचा धोका उतरेल’ इतकं खुशाल सांगा. आणि एक : गॅस आला तरी आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. निदान ती चूल ओसरीतून अंगणात हलली, तरी घरातला बराच धूर गेला समजा.

वय ६८, रक्तदाब आहे. पहाटे साडेपाचला फिरायला जातो. मुलगा म्हणतो प्रदूषणामुळे जाऊ नका. (नाशिक)

फिरणं सोडू नका, वेळ बदला. थंडीत रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. रात्रभरातला धूर, शेकोट्या, ट्रक सगळं त्या झाकणाखाली अडकतं. पहाटे जे ‘प्रसन्न धुकं’ दिसतं त्यात बरंच काही असतं. उन्हाने जमीन तापली की झाकण फुटतं, साधारण नऊ-दहाच्या सुमारास. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी दहानंतर किंवा दुपारी चारच्या आसपास फिरा. रक्तदाब असणाऱ्यांना पहाटेच्या गारठ्याचा त्रास वेगळा असतो, तोही टळेल.

मार्च ते मे मात्र उलटं. तेव्हा दुपारी ऊन आणि ओझोन दोन्ही चढलेले असतात. वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल-रंगांच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. गंमत म्हणजे तो भर चौकात कमी आणि शहराबाहेरच्या टेकडीवर जास्त सापडतो, कारण चौकातला ताजा धूर त्याला खाऊन टाकतो. उन्हाळ्यात पहाटेच फिरा.

घराशेजारी टॉवरचं बांधकाम. मुलीला दमा. एन-९५ मास्क धुऊन वापरतो, एअर प्युरिफायर घ्यावा का? गॅलरीत स्नेक प्लांट ठेवलेत. (चेंबूर, मुंबई)

मास्क धुऊ नका. एन-९५ ची जाळी केवळ चाळणीसारखी काम करत नाही. तिच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो आणि तो बारीक कण ओढून धरतो. साबणाच्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने तो भार उतरतो. मास्क दिसायला तसाच राहतो, अडवणं मात्र घटतं. वापरून झाल्यावर कागदी पाकिटात कोरडा ठेवा. पट्टे सैल झाले किंवा श्वास ओढताना जड वाटू लागलं की टाकून द्या. बसतोय की नाही हे तपासायला दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली तर नाकावरची पट्टी नीट बसलेली नाही. मोठ्यांचा एन-९५ लहान मुलांच्या गालांवर बसतच नाही, तिच्यासाठी लहान मापाचाच घ्या. ओझोनसारखे वायू यातून आरपार जातात हेही लक्षात असू द्या.

प्युरिफायर दम्याच्या मुलीच्या झोपायच्या खोलीसाठी उपयोगी आहे, पण खोलीच्या मापाचा घ्या. बॉक्सवर ‘सीएडीआर’ हा आकडा शोधा : तासाला किती घनमीटर शुद्ध हवा मिळते तो. तुमची खोली १२ बाय १२ आणि उंची साडेनऊ फूट धरली तर ३९ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जायला हवी, म्हणजे सीएडीआर २०० च्या आसपास. हा आकडा मशीन पूर्ण वेगात असतानाचा असतो, ‘स्लीप’वर टाकलं की बराच पडतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं घेऊन मंद चालवणं शहाणपणाचं. ‘आयोनायझर’ किंवा ‘ओझोन’चं बटण असेल तर ते बंदच राहू द्या, दम्यात ओझोन विष आहे. खिडकी उघडी ठेवून मशीन चालवलं तर अरबी समुद्र गाळल्यासारखं होईल. काम थांबलेलं असताना खिडक्या उघडा, मग बंद करून मशीन लावा. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, खोलीतलीच फिरवतो.

स्नेक प्लांट शोभेसाठी ठेवा. कुंड्यांतल्या झाडांनी हवा शुद्ध होते का, यावरचे जुने प्रयोग २०१९ मध्ये एकत्र तपासले गेले. खिडकीतून आपोआप होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा, नाहीतर शेकडो कुंड्या लागतील, असं निघालं. मग मुलीला झोपायला जागा कुठे?

उदबत्ती आणि मच्छर कॉइलचा धूर खरंच इतका वाईट? (इचलकरंजी)

कॉइलचा, हो. चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून केलेल्या २००३ च्या अभ्यासात एका कॉइलमधून निघालेलं पीएम २.५ हे ७५ ते १३७ सिगारेटींइतकं भरलं. बंद खोलीत रात्रभर ती उशाशी जळते हे लक्षात घ्या. मच्छरदाणी लावा, तिला धूर नाही. उदबत्ती एकच लावा, खिडकी उघडी ठेवा. देवघर बाळाच्या पाळण्याच्या खोलीत असेल तर उदबत्ती विझल्यावरच पाळणा आत आणा. आणि फोडणी देण्याआधी दोन मिनिटं एक्झॉस्ट पंखा चालू करा, ठसका लागल्यावर नव्हे. गॅस बंद केल्यावरही तो दहा मिनिटं चालू राहू द्या.

कणांचा घरगुती मॉनिटर घेतला. पावसाळ्यात सकाळी ३०० दाखवतो, बाहेर तर हवा स्वच्छ. मशीन बिघडलंय का? (चिपळूण)

बिघडलेलं नाही, फसलंय. आत लेसर असतो आणि कणांवरून उडणारा प्रकाश मोजून तो वजनाचा अंदाज बांधतो. आर्द्रता ८० टक्क्यांपुढे गेली की मीठ आणि सल्फेटचे कण पाणी पिऊन फुगतात, आणि यंत्राला ते लठ्ठ दिसतात. सरकारी केंद्रात हवा आधी कोरडी करून घेतात. कोरड्या दुपारचे तासाभराच्या सरासरीचे आकडे तेवढे धरा. पीएम १० चा आकडा अशा यंत्रांत बहुधा अंदाजपंचेच असतो. पोहे करताना आणि दार उघडल्यावर आकडा किती चढतो-उतरतो, हे बघायला मात्र यंत्र झकास.

नागपूरच्या भावाकडे कूलरने हिवाळा वाटतो. तोच कूलर पनवेलला आणला तर चिकचिक वाढली. असं का? इथे तर पारा ३५ च्या वर जात नाही. (पनवेल)

पारा अर्धीच गोष्ट सांगतो. अंग गार होतं ते घाम वाळल्याने. घाम गळून फरशीवर पडला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. हवेत आधीच बाष्प असेल तर तो वाळणार कुठे? हे मोजायला ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान घेतात, त्याला वेट बल्ब म्हणतात. नागपुरात ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब येतो सुमारे २४. पनवेलमध्ये ३५ अंश आणि ७० टक्के असेल तर सुमारे ३०. वेट बल्ब ३५ ही माणसाची कमाल मर्यादा असं आधी मानत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांवर चाचण्या झाल्या, तेव्हा दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीराचं तापमान आवाक्याबाहेर चढायला लागलं. वयस्करांची मर्यादा त्याहून खाली. म्हणजे पनवेलचा ‘फक्त ३५’ काठावर उभा आहे. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

कूलर हवेला वेट बल्बच्या दिशेने साधारण तीन चतुर्थांश अंतर नेतो. नागपुरात ४५ वरून २९, पनवेलमध्ये ३५ वरून ३१, आणि वर ओलावा फुकट. तुमच्याकडे पंखा आणि मोकळा वारा हेच खरं. नागपूरकरांसाठी दोन सूचना. कूलर खिडकीतच बसवा, बाहेरची हवा ओढू द्या आणि समोरची एक खिडकी फटीएवढी उघडी ठेवा. दारं लावून खोलीच्या मधोमध ठेवला तर तासाभरात खोलीचं पनवेल होतं. दुसरं, पारा ४० पुढे आणि हवा कोरडी असताना नुसता पंखा भट्टीची हवा अंगावर फेकतो. अंग किंवा बनियन ओलं करून मग पंख्यासमोर बसा. टाकीचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून आतली भिंत घासा आणि कोरडा दिवस पाळा. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी ओतून देण्याने जात नाहीत.

शेतात मजूर ऊन लागून पडला तर नेमकं काय करायचं? क्रोसिन द्यावी का? (परभणी जिल्हा)

क्रोसिन देऊ नका. तापात मेंदू शरीराचं तापमान वर ठरवतो आणि पॅरासिटामॉल ते ठरवणं बदलतं. उष्माघातात शरीर बाहेरून तापलेलं असतं, गोळीला करण्यासारखं काही नसतं आणि यकृतावरचा ताण तेवढा वाढतो.

ओळख घामावरून करू नका, राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असू शकतो. बोलणं बरळल्यासारखं, तोल जाणं, ओळख न पटणं, आकडी आणि अंग चटका बसावा तसं, हे दिसलं की उष्माघात धरा. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. पहिल्या अर्ध्या तासात अंग निवायला हवं. सावलीत न्या, कपडे काढा, मोटारीच्या पाइपने डोक्यापासून पायापर्यंत पाणी सोडा आणि सतत वारा घाला. फवारणीच्या पाण्याचा हौद स्वच्छ असेल तर गळ्यापर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मान, काख आणि जांघेत. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, श्वासनलिकेत जाईल. कांदा खिशात असला तर असू दे, त्यात वेळ घालवू नका.

नुसताच थकवा आणि गोळे असतील, माणूस नीट बोलत असेल, तर ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी घ्या. अर्ध्या तांब्यात कालवलेलं दाट ओआरएस उलट त्रास देतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाबासाठी ‘लघवीची गोळी’ घेणाऱ्यांनी उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं, मनाने बंद करू नये.

पाऊस कमी झाला, विहीर आटली, म्हणून खोल बोअर घेतलं. मुलांच्या दातांवर पिवळे डाग दिसतात. पाणी उकळून देतो. (यवतमाळ जिल्हा)

असे डाग बहुधा खोल बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइड या क्षाराचे असतात. उकळून फ्लोराइड जात नाही, दाट होतं. लिटरला २ मिलिग्रॅम असलेलं दोन लिटर पाणी आटून १.६ लिटर झालं तर तेच २.५ होतं. मानक १ मिलिग्रॅमचं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. कँडल फिल्टर आणि यूव्ही यांनी काही होत नाही. आरओ किंवा सक्रिय ॲल्युमिनाचा फिल्टर लागतो. गावपातळीवर तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत वापरता येते, ती नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवली. डाग पडलेले दात पूर्ववत होत नाहीत, पण साधारण आठ वर्षांखालच्या मुलांचे काही कायमचे दात अजून हाडात घडत असतात, त्यांचं पाणी आजच बदला. खडकातल्या खोल पाण्यापेक्षा उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी असतं, म्हणून पिण्यापुरतं जुन्या विहिरीचं पाणी आणि वापरायला बोअरचं अशी विभागणी करून पाहता येईल. मात्र दोन्ही नमुने तपासल्याशिवाय नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत लिटरभर पाणी द्या. बाटली प्लास्टिकची असावी, काचेची नको, आणि भरण्याआधी त्याच पाण्याने तीनदा विसळा. बोअर दहा मिनिटं चालवून मग नमुना घ्या, नाहीतर पाइपात साचलेल्या पाण्याचाच अहवाल येईल.